नमुन्यावरचं लेबल

४ जानेवारी

ती. मावशीस,
भुंग्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कानाच्या मशीनची बॅटरी बदललीस हे चांगलं झालं. पण संपलेली बॅटरी ‘असू दे, लागेल’ म्हणून डबीत ठेवलीस, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. ती आता कुणाला लागणार आहे?

इकडे नुसती धांदल आहे. या मार्चमध्ये आमच्या लेबलला दहा वर्षं पूर्ण होतात. माझा भागीदार, ज्याला आम्ही दाढी म्हणतो, त्याचं म्हणणं असं, की आपण दहा वर्षं टिकलो हेच नवल, तेव्हा त्याची काहीतरी खूण मागे राहायला हवी. म्हणून एक संग्रह काढतो आहोत. आजवर आमच्याकडे जे जे येऊन गेले त्या सगळ्यांकडून एकेक तुकडा मागवला. काही हिप-हॉपवाले, काही इलेक्ट्रॉनिकवाले. त्यातले निम्मे आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यामुळे कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं यावरच पंधरा दिवस गेले. आजोबा (म्हणजे आमचा ध्वनीचं काम करणारा, वय तेहतीस, पण बारा महिने स्वेटर घालतो) शेवटी म्हणाला, सगळ्यांना वयानुसार उभं करा.

एक काम तुझ्याकडेही आहे. माझ्या नमुन्याचं प्रकरण अजून लटकलेलंच आहे. इतकी वर्षं आम्हाला कुणी विचारत नव्हतं, पण आता सगळं रीतसर करायचं ठरलं आहे. नमुना आईचा, आणि आई नाही, म्हणून जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती लागते. बाबांनी हात वर केले. म्हणाले, माझ्याच्याने होणार नाही, मावशीला विचार. संमतीचा कागद सोबत आहे, सही करून पाठव. पहिली चाचणी पुढच्या आठवड्यात हातात येईल, ती तुला पाठवते. पहिल्या चाचणीत दोष निघतातच, त्यामुळे काळजी करू नकोस.

तब्येतीला जप. लोभ आहे तेवढा पुरतो, पण थोडा जास्त असला तर मी नाही म्हणणार नाही.

तुझी
भुंगा


९ जानेवारी

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा चष्मा पुसून वाचलं. माझी पाचावर धारण बसली आहे आणि तू लिहितेस काळजी करू नकोस.

आता मी विचारते त्याची सरळ उत्तरं दे. कसला नमुना? रक्ताचा का दुसरा कसला? ताईचा नमुना इतक्या वर्षांनी कुणाकडे निघाला? आणि तो आत्ता बाहेर काढायचं कारण काय? ताईला जे झालं होतं ते तुला आहे की काय, हे कुणी तपासतंय का? तसं असेल तर आडपडदा न ठेवता लिही. मी आयुष्य लॅबमध्ये काढलं आहे, माझ्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही. नातेवाइकाची सही कधी मागतात ते मला पुरतं ठाऊक आहे.

शिवाय तुझ्या त्या लेबलचं मला काही कळलं नाही. तू लेबलचं काम करतेस एवढं मला माहीत आहे, छापखान्यासारखं काहीतरी असेल असं मी धरून चालले होते. पण लेबलचा वाढदिवस मी जन्मात ऐकला नाही. लेबलवर तारीख घालतात, लेबलची तारीख साजरी करत नाहीत. आणि नमुना घेण्याआधी बाटलीवर लेबल लावू नये, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवत असे. सुई मोडली, काच फुटली तरी चालेल, पण नमुना एकाचा आणि लेबल दुसऱ्याचं, ही चूक होता कामा नये. तुमच्या त्या स्वेटरवाल्या आजोबांना हे ठाऊक आहे ना? तेहतिसाव्या वर्षी बारा महिने थंडी वाजते म्हणजे त्यांचंही एकदा तपासून घ्या.

सही केलेली नाही. आधी खुलासा, मग सही. उलटटपाली लिही. पत्र येईपर्यंत जेवण गोड लागणार नाही.

तुझी काळजीत पडलेली
मावशी


१४ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: मी ठणठणीत आहे. रक्त, लघवी, काहीही कुणी मागितलेलं नाही. तुझं पत्र मी हसत हसत दाढीला वाचून दाखवलं आणि शेवटच्या ओळीला माझा मलाच राग आला. तुला उगाच घोर लावला.

चूक निम्मी तुझीही आहे. पत्रात इंग्रजी शब्द आला की तू लाल पेन्सिलीने गोल करून पत्र परत पाठवतेस. म्हणून मी सँपलला ‘नमुना’ म्हटलं. आमच्या धंद्यात कुठल्यातरी जुन्या ध्वनिमुद्रणातून आवाजाचा एक तुकडा कापून घेतात आणि त्याच्याभोवती नवं गाणं बांधतात. त्या तुकड्याला सँपल म्हणतात. आणि लेबल म्हणजे गाणी छापून विकणारी आमची छोटीशी कंपनी. छापखाना म्हणालीस ते फार चुकलं नाही. चाचणी म्हणजे सगळ्या तबकड्या काढण्याआधी कारखाना एक-दोन काढून देतो, त्या. कुठे खरखर आहे का ते ऐकून सांगायचं असतं.

आता नमुन्याचं. तुझ्या कपाटात खालच्या खणात स्वेटरांखाली एक कॅसेट होती, तुला आठवते? कॉलेजला जाताना मी ती मागून घेतली होती. वर तुझ्या अक्षरात ‘ताई’ असं लिहिलं होतं. आत बाकी सगळी शांतता आणि अगदी सुरुवातीला आईचा आवाज. एवढंच म्हणते, चालू झालंय का, बोल ना गं. मागे टेपच्या मशीनची खटखट ऐकू येते, थोडा वेळ, आणि संपतं.

मावशी, मला आईचा चेहरा फोटोतला आठवतो, तिचा स्वतःचा आठवत नाही. दोन वर्षांच्या मुलीला काय आठवणार. पण हा आवाज माझ्याकडे आहे. वर्गात नाव पुकारलं तरी माझी वाचा बसायची, हे तू पाहिलेलं आहेस. मी पहिलं गाणं केलं ते या वाक्यावर. खटखट मशीनची होती ती पण तशीच ठेवली, तिच्यावरच ढोल बसवले. लेबलचं नावही तेच आहे, ‘बोलनागं’, सलग. बाहेरच्यांना ते कुठल्यातरी डोंगराचं नाव वाटतं. आजही कार्यक्रमाला उभी राहण्याआधी मी ते वाक्य एकदा ऐकते. आई मला सांगते, बोल, आणि मग मी बोलते. दाढी चिडवतो, की तुझ्या प्रत्येक गाण्यात चौथा ठोका लंगडतो. लंगडू दे.

ते गाणं आजवर नुसतं इंटरनेटवर होतं, म्हणून तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. एकदा तुझ्या कानाला लावलं होतं तर तुझं मशीन शिट्टी मारायला लागलं आणि तू ते काढून ठेवलंस. आता पहिल्यांदाच त्याची तबकडी निघते आहे. संग्रहात ते सगळ्यात आधी आहे. मुखपृष्ठाच्या मागे ‘आवाज: आई’ असं लिहायचं आहे. म्हणून तुझी सही. चाचणीची तबकडी वेगळी पाठवते आहे. कुणाकडे वाजवायचं यंत्र असेल तर ऐक.

कधीतरी प्रेमाने रागव, पण अशी घाबरू नकोस.

तुझी ठणठणीत
भुंगा


२५ जानेवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

जीव भांड्यात पडला. लाल पेन्सिल यापुढे जरा जपून वापरीन, पण टाकणार नाही.

कॅसेट आठवते. लेबल माझ्याच हातचं. त्या कॅसेटवरून तू एवढं सगळं उभं केलंस हे मला आत्ता कळतं आहे, म्हणजे मी किती अंधारात होते बघ. तू शाळेत गप्प का बसायचीस यावरून मी किती डॉक्टरांची डोकी खाल्ली.

तबकडी पोचली. खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांकडे वाजवायचं यंत्र आहे. त्यावर ते पोपटाच्या पिंजऱ्यासारखं फडकं घालून ठेवतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. मी तबकडी घेऊन गेले तर आधी त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, कडेने फुंकर मारली, नाव का नाही म्हणून विचारलं. मी म्हटलं, चाचणी आहे. ते म्हणाले, कसली? मी म्हटलं, हिप-हॉपची. मग त्यांनी फडकं काढलं.

सगळी ऐकली. खरं सांगू, मला कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते कळलं नाही. एक मुलगा सलग भांडतो, पण यमक जुळवून भांडतो. कुणाशी ते शेवटपर्यंत सांगत नाही. एका बाईचं दार कुणी उघडतच नाही असं वाटतं. मात्र एक तुकडा फार आवडला, त्यात बोलणं नाही, नुसती घरघर वाढत जाते आणि मग उतरते. अगदी आमचं रक्त फिरवायचं यंत्र. तो परत लावायला सांगितला. घड्याळवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नकोस.

आता मुद्द्याचं. पहिलं गाणं तीनदा ऐकलं. भुंग्या, ही ताई नाही. कुणीतरी लहान मुलगी आहे, आठ-नऊ वर्षांची, चिवचिव बोलते. मागे कुणीतरी घाईघाईने दार वाजवतं. तुमच्या कारखान्यात दुसऱ्याच कुणाची कॅसेट गेली असेल. मी सांगितलंच होतं, लेबलं नीट बघा म्हणून. सही अजून ठेवून घेतली आहे.

घड्याळवाल्यांचा तुझ्या मंडळींना नमस्कार. त्यांना तो भांडणारा मुलगा भेटायला हवा आहे, समजूत घालायला.

तुझी
मावशी


३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

‘ही ताई नाही’ एवढं वाचलं आणि जिन्यातच बसले. पुढचं वाचायला पाच मिनिटं लागली. मग आठ वर्षांची चिवचिवणारी मुलगी आली आणि प्रकाश पडला. घड्याळवाल्यांनी तबकडी भलत्याच वेगावर लावली. यंत्रावर एक खटका असतो, तेहतीस आणि पंचेचाळीस. आमची तेहतीसवर लावायची. पंचेचाळीसवर लावली की सगळे घाईत असल्यासारखे बोलतात. दिवसभर घड्याळांचा वेग जुळवणाऱ्या माणसाने हे करावं म्हणजे कमाल आहे.

आता एक आनंदाची बातमी. आजोबाने आईचा तुकडा पुन्हा मूळ कॅसेटवरून घेतला आणि आठवडाभर बसून साफ केला. टेपची खरखर गेली, ती खटखटही गेली. नुसता आवाज राहिला आहे, इतका जवळ, की मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मागे वळून पाहिलं. गेली दहा वर्षं मी आईला भिंतीपलीकडून ऐकत होते असं वाटलं. याची दुसरी चाचणी तुला पाठवली आहे. संग्रहात आता हीच जाणार. वीस तारखेला कारखाना काम सुरू करतो, त्याच्या आत तुझी सही हवी, म्हणजे हवीच. एकदा तबकड्या निघाल्या की त्यात काही बदलता येत नाही.

आणि मावशी, एक मागणं. तेहतीसवर ऐकल्यावर मला फक्त एवढं लिही, की हो, ही ताईच. मला खात्री आहे, पण तिला ओळखणाऱ्या माणसाकडून ते कधी ऐकलेलंच नाही. बाबा ती कॅसेट ऐकायला तयार नाहीत, आणि तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे.

वाट पाहते.

तुझीच
भुंगा


९ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

घाईत लिहिते आहे, पोस्टाची पेटी आता उघडतील.

दोन्ही तबकड्या तेहतीसवर ऐकल्या. घड्याळवाले खटका पाहून इतके ओशाळले की त्यांनी चहा केला.

पहिल्या तबकडीत ताई आहे. अगदी आहे. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, घड्याळवाल्यांना खिडकीबाहेर बघत बसावं लागलं. पण दुसरीत ती नाही. मी पाच वेळा लावायला सांगितली. नाही म्हणजे नाही. ऐकशील तर तुलाही कळेलच.

ही नवी काढू नका. मी सही करणार नाही.

तुझी
मावशी


१३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊन मी दोन दिवस फिरते आहे. मला त्यातलं एक अक्षर कळलेलं नाही.

दोन्हीकडे आवाज तोच आहे. आजोबाला समोर बसवून दोन्ही तुकडे ओळीने ऐकले. शब्द तेच, श्वास तोच, ‘गं’ वर उचलला जाणारा सूर तोच. दुसरीत फक्त तो जास्त स्वच्छ आहे. आजोबा आईची शपथ घेऊन सांगतो, की खरखर आणि खटखट सोडून त्याने केसाएवढंही काही काढलेलं नाही. मग एकीत आई आहे आणि दुसरीत नाही, हे कसं? दाढी म्हणतो, मावशीच्या कानाचं मशीन नवीन बॅटरीवर वेगळं वागत असेल. मी त्याच्यावर ओरडले, पण खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात काहीबाही येऊन गेलं. वय होतं माणसाचं. तसं असेल तर मी येते, चार दिवस राहते, आपण दोघी नीट डॉक्टरकडे जाऊ.

कारखान्याला मी आठ दिवस थांबायला सांगितलं आहे. दाढीने माझ्याशी बोलणं टाकलं आहे, कारण मार्चचा कार्यक्रम ठरलेला आहे, जागा ठरली आहे, लोकांना बोलावणं गेलं आहे. आणि तबकडी नाही. मी त्यांना काय सांगू, माझी आई एका चाचणीत आहे आणि एकीत नाही?

तू मला कधी कोड्यात घातलं नाहीस. लहानपणी आई कुठे गेली हे विचारलं तेव्हाही तू सरळ सांगितलंस, मांडीवर घेऊन. आताही तसंच सांग. जे असेल ते.

तुझी गोंधळलेली
भुंगा


१७ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

माझं डोकं ठिकाणावर आहे. चुकलं ते एवढंच, की मला वाटलं, दोन्ही ऐकल्यास की तुला कळेल. जे मला समोर दिसतं ते तुलाही दिसत असणार असं मी धरून चालले. आता सरळ सांगते, मांडीवर घेऊन सांगितल्यासारखंच समज.

तो आवाज ताईचा नाही. माझा आहे.

तुझे बाबा तेव्हा बोटीवर होते. त्यांनी एका बंदरातून टेप पाठवला, की पत्रं नकोत, कॅसेटवर बोलून पाठवा. ताईला मेली लाज. मशीनपुढे बसली की तिच्या तोंडाला कुलूप. एका रविवारी मी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, कॅसेट घातली. त्याआधीच तिच्यावर ‘ताई’ असं लिहून ठेवलं होतं, कारण ताई बोलणार हे मी ठरवूनच टाकलं होतं. नमुना घेण्याआधी लेबल लावू नये हे जगाला शिकवणारी मी, आणि घरात तेच केलं. बटण दाबलं आणि तिला म्हटलं, चालू झालंय का, बोल ना गं. ती बोललीच नाही. हसली आणि टेबलाच्या कडेवर अंगठीने वाजवत बसली.

ती खटखट मशीनची नाही, भुंग्या. ती ताई आहे.

तिला जन्मभर तीच खोड. बोलायचं नसलं की बोटं बोलायची. तीन ठोके सारखे, चौथा जरा रेंगाळून. भांड्याच्या झाकणावर, जिन्याच्या कठड्यावर, कुठेही. तिला विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तशीच यायची आणि मला ती कळायची. त्या दिवशी तू तिच्या मांडीवर होतीस. एका हाताने ती टेबल वाजवत होती आणि दुसऱ्या हाताने तुझी पाठ, त्याच ठेक्यात, म्हणून तू झोपलीस. थोड्या वेळाने मीच कंटाळून टेप बंद केला. म्हटलं, पुढच्या रविवारी बोलशील. पुढे ताई आजारी पडली आणि तो रविवार काही आला नाही.

माझा आवाज तुला तिचा वाटला यात तुझी चूक नाही. आम्हा दोघींचे आवाज इतके सारखे होते, की फोनवर तुझे बाबाही फसायचे. आता माझा आवाज असा खरखरीत झाला आहे, तू कसा ओळखणार? मलाच पहिल्यांदा वाटलं नाही तो माझा आहे म्हणून. मी कानाचं मशीन काढून यंत्राच्या भोंग्यावर तळहात ठेवला होता, कारण मशीन शिट्टी मारतं. तळहाताला शब्द कळत नाहीत, ठोके कळतात. पहिल्या तबकडीत ती हाताला लागली. दुसरीत हात नुसताच ठेवलेला.

आता मनातलं सांगते, लपवत नाही. तुमच्या आजोबांनी खटखट ठेवली असती, तर मी गुपचूप सही करून दिली असती. ‘आवाज: आई’ असं लिहिलं असतंत तरी शब्दाने बोलले नसते. तुला आईचा आवाज आहे असं वाटतं, ते माझ्या हातून का जावं? पण तुम्ही ताईलाच पुसून टाकलंत आणि मला तिथे बसवलंत. ते मला सोसवलं नाही.

तुझ्याकडून फार मोठी वस्तू काढून घेते आहे, हे मला कळतं. लिहिताना दोनदा कागद फाडला. ती तुला बोल म्हणाली नाही. तिला बोल म्हणणारी मी होते. मुखपृष्ठावर काय लिहायचं ते तू ठरव, काही लिहू नको वाटलं तर तसं कर. पण ती खटखट परत घाल.

माझ्यावर राग आला तर तोही लिही. पत्र मात्र थांबवू नकोस.

तुझी
मावशी


२३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून सगळ्यांवर काढला. दाढी पुन्हा बोलायला लागला होता, तो परत गप्प झाला.

कॅसेट लावायची हिंमत झाली नाही. मग आजोबा आला आणि जरा घुटमळत म्हणाला, एक दाखवायचं आहे. त्याची एक सवय आहे, आवाज साफ करताना जे काढतो ते फेकत नाही. वेगळं ठेवतो. त्यावरून आम्ही त्याला भंगारवाला म्हणतो. त्याने ते लावलं. मावशी, तुझा आवाज त्यात नव्हता. टेपची खरखर थोडी, आणि बाकी नुसती ती. तीन सारखे, चौथा रेंगाळून. आम्ही तिघं उभे होतो. दाढीने माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावर बोटाने चौथा ठोका दिला, बरोबर तिथेच, उशिरा. दहा वर्षं तो मला ज्याच्यावरून चिडवत होता तो. मी खाली बसले आणि रडले. बरं वाटलं म्हणून रडले की वाईट वाटलं म्हणून, अजूनही सांगता येत नाही. आई बोलत नाही याचं वाईट वाटतं. पण ती ऐकू येते, आणि ती पहिल्यापासून माझ्या पाठीत होती.

तुझ्या डबीतली ती संपलेली बॅटरी असू दे. मी काही बोलणार नाही.

जुनाच तुकडा जातो आहे, खरखरीसकट, आणि खटखट आधीपेक्षा थोडी पुढे आणली आहे. कारखान्याला होकार कळवला. कार्यक्रम ठरल्या दिवशीच होईल. लेबलचं नाव बदलायचं का, असं दाढीने हळूच विचारलं. मी म्हटलं, कशाला? शाळेत वाचा बसलेल्या मुलीला रोज संध्याकाळी समोर बसवून बोल ना गं म्हणणारी मावशीच होती, मला ते वाक्य कॅसेटवरून ऐकायची गरज मुळात नव्हती.

मुखपृष्ठाच्या मागे असं छापतो आहोत:
ठेका: आई
आवाज: मावशी

म्हणून संमतीचा कागद नवीन पाठवते आहे. जुना फाडून टाक. यावेळी जवळची नातेवाईक म्हणून सही नको आहे. आवाज ज्याचा त्याने करायची असते, ती सही आहे.

तू नसतीस तर मी काय केलं असतं हे पत्रात लिहायचं नसतं, म्हणून लिहीत नाही.

तुझीच
भुंगा


२८ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

सही केली. पेन बदलून केली, आधीचं पुसट उमटत होतं. कागदावर ‘कलाकार’ असं छापलेलं आहे, त्याच्यापुढे नाव लिहिण्याआधी चष्मा पुसून दोनदा वाचलं. घड्याळवाले साक्षीदार म्हणून सही करायला तयार होते. त्यांना सांगितलं, साक्षीदार लागत नाही, तर हिरमुसले. कार्यक्रमाला येऊ का विचारतात. भांडणाऱ्या मुलाला आधी कल्पना देऊन ठेव.

तुझ्या बाबांना मी लिहिलं आहे. त्यांना म्हटलं, तिचं बोलणं नाही त्यात, भिऊ नका, आणि यंत्राच्या भोंग्यावर हात ठेवून ऐका. काय म्हणतात बघू.

नमुना दोघींचा मिळून आहे. आता लेबल नीट लाव.

तुझी
मावशी